हिरवळीखालचं पाणी जातं कुठे?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : आमच्या प्रकल्पात अठरा होलचं गोल्फ मैदान तळ्याला लागून आखलंय. काठापासून ५० मीटर जागा सोडली की झालं ना? (स्थापत्य अभियंता, नाशिक)

एवढ्यावर भागत नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांतले ५० मीटर पक्क्या बांधकामासाठी आहेत आणि ते नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूरपातळीपासून मोजायचे असतात. मे महिन्यात आटलेल्या काठाला टेप लावलात तर जुलैत तुमची खूण पाण्याखाली दिसेल. शिवाय नियमांच्या कक्षेतल्या पाणथळाचा वापरच बदलायला मनाई आहे. मैदान पाणथळाशेजारी आहे की पाणथळावर, हे आधी ठरवा. नवी मुंबईत नेरुळच्या पाणथळावरचा गोल्फ आणि इमारतींचा प्रस्ताव मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळला. भराव टाकूनच मैदान होणार असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

शेजारीच असेल, तर खरी अडचण जमिनीखाली असते. ग्रीन, म्हणजे होलभोवतीचा बारीक कापलेला भाग, वरून हिरवळ दिसला तरी खालून चाळणी असतो : ३० सेंमी वाळूमिश्रित थर, त्याखाली १० सेंमी खडी आणि चरांत १०० मिमीचे पाइप, दोन पाइपांत फार तर साडेचार मीटर अंतर. या वाळूतून तासाला १५ सेंमी किंवा त्याहून जास्त पाणी उतरतं, आणि खतातलं विरघळलेलं नायट्रेट त्याच्याबरोबर निघून जातं. खत अडवायला काठावर कितीही रुंद गवतपट्टा ठेवा, हे पाणी पट्ट्याच्या खालून जातं. पाइपाचं तोंड मात्र ठेकेदार हमखास तळ्यातच सोडतो, कारण उतार तिकडे असतो आणि पाइपही कमी लागतो.

ते तोंड काठाच्या ३० मीटर तरी अलीकडे थांबवा आणि उथळ खड्ड्यात उघडा. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनवर २५ मिमी पाऊस पडला की साडेबारा हजार लिटर पाणी होतं. खड्डा ३० सेंमी खोल धरला तर सुमारे ४२ चौरस मीटर जागा लागते. तळाला वाळू घालू नका. नायट्रेट वाळूत अडकत नाही. पाणकणसाच्या मुळांशी, प्राणवायू कमी असलेल्या चिखलात जिवाणू ते मोडतात. खड्डा भरला की पाणी सपाट दगडी ओठावरून पसरून बाहेर पडलं पाहिजे. एका कोपऱ्यातून निघालं तर तिथे घळ पडते आणि पुढचा गवतपट्टा फुकट जातो.

मातीकाम पावसाळा सरल्यावर सुरू करा, मेअखेर आटोपा. काळी माती उघडी ठेवून पहिला पाऊस घेतला, तर वर्षभराची खतंसुद्धा करणार नाहीत इतकं नुकसान गाळ एका रात्रीत करू शकतो.

प्रश्न : सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी हिरवळीला देतो. खत किती कमी करू? (ग्रीनकीपर, पुणे)

गवत बर्म्युडा, म्हणजे आपल्या हरळीचंच भावंड, असं धरतो. उन्हाळ्यात रोज ४ मिमी पाणी दिलंत तर हेक्टरी ४०,००० लिटर होतात. त्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम नत्र असेल तर रोज ४०० ग्रॅम, महिन्याला १२ किलो. मार्च ते मे मिळून ३६ किलो, म्हणजे हेक्टरी युरियाच्या जवळजवळ पावणेदोन गोण्या नळातूनच पडल्या. तेवढं वेळापत्रकातून वजा करा. स्फुरद तर माती तपासल्याशिवाय टाकूच नका.

क्षार मात्र विसरू नका. पाण्याची विद्युतवाहकता (क्षारांचं माप) ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की गवताला पाणी ओढणं जड जातं. सोडियम वाढला की काळ्या मातीचं तोंड मिटतं, पाणी मुरत नाही आणि सरळ तळ्याकडे धावतं. जिप्सम टाकून, पाणी देऊन क्षार धुऊन काढता येतात. पण ते धुवण जाणार कुठे, याचं उत्तर तयार नसेल तर धुऊ नका. साठवण टाकी मेअखेर निम्म्याहून खाली आणा, नाहीतर पहिल्याच सरीत ती तळ्यात ओसंडेल.

प्रश्न : शेजारच्या गोल्फ मैदानामुळे आमचं तळं जूनअखेर हिरवंगार होतं. सिद्ध कसं करायचं? (गावकरी, मुळशी)

आधी कापलेलं गवत कुठे टाकतात ते बघा. काठावर ढीग असेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळेल. कुजणाऱ्या पात्यांतून नत्र आणि स्फुरद दोन्ही झिरपतात. मग पहिल्या जोरदार पावसाच्या पहिल्या तासात तीन बाटल्या भरा : ओढा मैदानात शिरतो तिथे, मैदानाच्या पाइपाच्या तोंडाशी आणि तळ्याच्या मध्यावर. बाटल्या बर्फात ठेवून ४८ तासांच्या आत नत्र-स्फुरद तपासायला प्रयोगशाळेत द्या. पहिली बाटली टाळू नका. गावाचंच सांडपाणी वरून येत असेल तर ते तिच्यातच दिसेल, आणि मग भांडण वेगळ्या माणसांशी करावं लागेल.

प्रश्न : पावसाळ्यात तळ्याचं पाणी दोन फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या हिरवळीच्या पट्ट्यांवर) चढतं. पंप लावून उपसलं तर? (क्लबचे पदाधिकारी, कोल्हापूर)

कॅलिफोर्नियात पॅसिफिका शहरातल्या शार्प पार्क मैदानावर हेच झालं. १९३२ चं मैदान, लगत लगुना सलाडा हे पाणथळ. पंपांनी पाणी उतरवलं की लाल पायांच्या संरक्षित बेडकांची अंडी काठावर कोरडी पडत. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. आपल्याकडेही पाऊस लागला की बेडूक काठच्या उथळ पाण्यात अंडी घालतात, आणि तुमचा पंप नेमका तेव्हाच सुरू होणार. ते दोन फेअरवे जून ते ऑक्टोबर बंद ठेवा, टी (पहिला फटका मारायची जागा) पुढे आणून होल आखूड करा आणि बुडणाऱ्या भागात खत व औषध कायमचं थांबवा. तिथे लव्हाळा माजेल, तर माजू द्या.