‘आई, तूच काढून दे’

कुडाळला माझ्याकडे आलेल्या एका आईची तक्रार अशी होती: मुलगा पहिलीत, अभ्यासात बरा, पण चित्र काढायला बसवलं की खडू बाजूला सारतो आणि म्हणतो, ‘आई, तूच काढून दे.’ वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाकीच्या मुलांच्या नीटनेटक्या राख्या, कागदी मोर येत असतात. “मॅडम, ह्याच्यात काही कमी आहे का?” हा प्रश्न मला फार पालक विचारतात, म्हणून ओळखीचे तपशील बदलून लिहिते आहे.

गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, आणलेला मातीचा गोळा मी मुलापुढे ठेवला. त्याने एक बोट रुतवलं, पटकन काढलं आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं. “काय बनवू?” मी म्हटलं, “मलाही माहीत नाही.” थोडा वेळ तो नुसता बसला. मग पुन्हा बोट, दुसरं भोक, तिसरं. “ही कुर्ल्यांची बिळं,” स्वतःशीच पुटपुटला. आई म्हणणारच होती, “अरे, छान गणपती कर ना.” मी खुणेने थांबवलं. त्याने सगळी बिळं थापून बुजवली आणि नव्याने सुरुवात केली.

त्याला आवड होती. भीती होती ती चुकण्याची. घरी चित्र म्हणजे छापील हत्तीत रंग भरायचा, रंग रेषेबाहेर गेला की आई पुसणार, आणि आजी मायेनेच, पण दर वेळी विचारणार, “हत्तीची शेपटी खंय?” बाजारातल्या क्राफ्टच्या खोक्यावर तयार वस्तूचा फोटो असतो. त्याने हाताला वळण लागतं, हे खरं. पण शेवट आधीच ठरलेला असतो, आणि मूल आपली वस्तू त्या फोटोशी ताडून पाहतं.

कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. साधारण 4 ते 7 वर्षांचं मूल प्रमाणबद्ध, खऱ्या रंगांचं चित्र काढतच नाही. माणूस घरापेक्षा मोठा, झाड जांभळं, हे त्या वयाचंच चित्र आहे. ते सुधारायला गेलात तर मूल खडू तुमच्या हातात देणारच.

मग त्या आईला मी काय सांगितलं? विकत काही आणू नका. माडाचे हीर, करवंट्या, पोफळीची विरी, किनाऱ्यावरच्या शिंपल्या, जुन्या कॅलेंडरची मागची बाजू. रंगाला हळद, गेरू, कोकमाचं आगळ. हळदीच्या पाण्याने कागद रंगवून वाळू द्या आणि वाटीत खाण्याचा सोडा विरघळवलेलं पाणी द्या. काडीने त्यावर ओढलं की रेघ लालसर उमटते. कपड्यावरचा हळदीचा डाग साबणाने लाल होतो, तेच हे. चुना मात्र नको, डोळ्यात गेला तर फार वाईट. नमुना करून दाखवू नका. शेजारी बसा, तांदूळ निवडा. ‘हे काय आहे?’ असं विचारण्यापेक्षा ‘इथे खूप जोरात घासलंस’ असं जे दिसतं ते बोला. आणि पसाऱ्यासाठी पडवीचा एक कोपरा ठरवून द्या, नाहीतर ओरडणं सुरू होतं आणि सगळं तिथेच संपतं.

वडिलांना वाटत होतं, चॉकलेट कबूल करावं. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, चित्रं आवडीने काढणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच प्रशस्तिपत्रक कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळी तीच मुलं इतरांपेक्षा खूप कमी वेळ चित्रं काढू लागली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांचं तसं झालं नाही. तेव्हा चॉकलेट द्या, पण चित्राच्या बदल्यात नको.

सहाव्या वर्षीही बटणं लावता येत नसतील, कात्री धरवत नसेल, ओलं-चिकट काही हाताला लागलं की मूल कासावीस होत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा. या मुलाला तसं काही नव्हतं. काही आठवड्यांनी आई म्हणाली, पडवीत करवंट्यांची रांग लागली आहे आणि त्यांना हात लावायची कुणाला परवानगी नाही.

शाळेच्या राखी स्पर्धेचं काय, हे तिने शेवटी विचारलंच. म्हटलं, गाठी सैल असल्या तरी त्याने केलेलीच पाठवा, बाईंना तसं सांगा, आणि ग्रुपवर फोटो टाकायचा की नाही ते त्याला विचारा.