फवारणी पंपात जुन्या लॅपटॉपचे लिथियम सेल बसवता येतील का?

१६ लिटरच्या पाठीवरच्या पंपाची १२ व्होल्ट, ८ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठ्याचं माप) लेड-ॲसिड बॅटरी निकामी झाली आणि घरात जुन्या लॅपटॉपचे १८६५० आकाराचे (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) गोल लिथियम सेल पडून आहेत, असं तुम्ही लिहिलंय. बसवता येतात. पण आधी मोटर किती करंट ओढते ते मोजा. १२ व्होल्टची एखादी चालू बॅटरी तात्पुरती लावा, मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून तिची एक वायर त्याच्यातून न्या, टाकीत साधं पाणी भरा आणि रेग्युलेटर पूर्ण वाढवून फवारा. बहुतेक पंपांचा आकडा २-३ अँपिअरच्या आसपास येतो. तुमचा ३ आला असं धरू.

एक सेल ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. एकामागे एक तीन जोडले की ११.१, भरल्यावर १२.६. त्या प्रत्येक जागी चार सेल शेजारी-शेजारी जोडले तर एका सेलवर पाऊणच अँपिअर येतो. म्हणजे १२ सेल. जुन्या सेलात २००० एमएएच (म्हणजे २ एएच) उरलं असेल तर पॅक ८ एएचचा होतो.

खरी मेहनत सेल निवडण्यात आहे. २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल चार्ज करून बघायचाच नाही. आतलं तांबं विरघळलेलं असू शकतं आणि पुढे तो आतूनच शॉर्ट होतो. बाकीचे भरून आठवडाभर ठेवा, ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त उतरला तो बाद. चार्ज होताना गरम होणाराही बाद. शेजारी-शेजारी जोडताना सगळ्यांचं व्होल्टेज सारखं हवं. दोन सेलांत अर्ध्या व्होल्टचा फरक आणि दोघांचा मिळून अंतर्गत रोध ०.१ ओहम असेल, तर जोडताक्षणी ५ अँपिअर एकातून दुसऱ्यात धावतो, मोटर बंद असली तरी. कमी पडले म्हणून बाजारातून ९९०० एमएएच छापलेले सेल आणू नका, या आकारात तेवढं मावतच नाही.

सेलला सोल्डर लावू नका, निकेल पट्टी स्पॉट वेल्डिंग करून घ्या. सेलचं अख्खं पत्र्याचं अंग निगेटिव्ह असतं आणि पॉझिटिव्ह टोक त्याच्यापासून जेमतेम मिलिमीटरभर दूर. वेष्टण फाटलं असेल तर बदला, टोकावर कागदी चकती लावा. बॅलन्सवाला ३-सेलचा बीएमएस (सेल जास्त भरू किंवा उतरू न देणारं आणि सगळ्यांची पातळी सारखी ठेवणारं सर्किट) लावा आणि पॉझिटिव्ह वायरीत, पॅकच्या अगदी जवळ, १० अँपिअरचा फ्यूज. बीएमएसचा प्लग लावण्याआधी त्याच्या वायरी निगेटिव्हपासून मोजा. पॅक भरलेला असेल तर ४.२, ८.४, १२.६ असे चढत गेले पाहिजेत.

जुना चार्जर मात्र अजिबात नको. तो १४.४ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे प्रत्येक सेलला ४.८. बीएमएस चार्जिंग तोडेल, पण रोज त्याच्याच भरवशावर चार्जिंग करणं चूक. १२.६ व्होल्टचा लिथियम चार्जर घ्या. आपल्याकडच्या उन्हात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंग नको. सेल ४५ अंशांच्या वर तापलेला असताना चार्ज करायचा नसतो.

माझं मत विचाराल तर हे सेल टॉर्चला ठेवा. पंप पाठीवर असतो, वरून औषधाचं पाणी गळतं. त्यापेक्षा ३२७०० आकाराचे, ६ एएचचे चार नवे लिथियम-फॉस्फेट सेल एकामागे एक जोडा: १२.८ व्होल्ट, बीएमएस ४-सेलचा, चार्जर १४.६ चा. पेट घेण्याचा धोका त्यात बराच कमी. कुठलाही पॅक असो, फवारताना धूर किंवा गोडसर उग्र वास आला तर स्विच शोधत बसू नका, आधी पट्टे काढून पंप खाली टाका आणि लांब व्हा.