रक्ताच्या कर्करोगाच्या विभागात काम करण्यासाठी परिचारिकेला वेगळे प्रशिक्षण लागते का?

लागते. प्रश्नाच्या खाली आपण पुढे लिहिले आहे की ‘औषधे आणि त्यांची मात्रा डॉक्टरच ठरवतात, परिचारिकेने ती वेळेवर द्यायची असतात, मग सर्वसाधारण वॉर्डचा अनुभव का पुरू नये?’ हे वाक्य मी आजवरच्या नोकरीत इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

शीर शोधता येणे, नाडी-ताप-रक्तदाबाची नोंद ठेवणे, रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटे रुग्णाजवळून न हलणे हे कोणत्याही वॉर्डातल्या परिचारिकेला येते, असे मी धरून चालते. आमच्याकडे फरक पडतो तो समोर दिसणाऱ्या गोष्टीचा अर्थ लावण्यात. केमोनंतर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या घनमिलिमीटरमागे ५०० च्या खाली गेल्या की जंतुसंसर्गाच्या नेहमीच्या खुणा दिसेनाशा होतात, कारण पू होण्यासाठीसुद्धा पांढऱ्या पेशी लागतात. सेंट्रल लाइनच्या, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीच्या, तोंडाशी ना लाली ना सूज, आणि तरीही जंतू रक्तात पोहोचलेले असू शकतात. अशा रुग्णाला एकदाच ३८.३ अंश सेल्सिअस ताप आला किंवा ३८ अंश ताप तासभर टिकला, तर ती आणीबाणी समजून लगेच कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढतात का ते तपासण्यासाठी, रक्त घ्यायचे आणि तासाभराच्या आत प्रतिजैविक सुरू करायचे असते. इतर वॉर्डात ज्या तापावर पॅरासिटामॉल देऊन सकाळच्या राउंडची वाट पाहतात, तोच ताप आमच्याकडे बहुधा एकमेव खूण असतो, आणि डॉक्टरांना कळवण्याआधी तो औषधाने उतरवणे म्हणजे ती खूणच पुसून टाकणे होय. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी असताना स्नायूत इंजेक्शन टोचायचे नाही, गुदद्वारातून तापमान घ्यायचे नाही, हेही असेच शिकून घ्यावे लागते.

आता ज्या प्रसंगामुळे मला आपले वाक्य झोंबले, तो सांगते. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झालेले एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे दाखल होते आणि त्यांना मोठ्या मात्रेत सायटाराबिन हे केमोचे औषध चालू होते. हे औषध दर बारा तासांनी देतात आणि मोठ्या मात्रेत ते हातापायांच्या हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या लहान मेंदूला इजा करू शकते. साठीच्या पुढचे वय आणि मंदावलेली मूत्रपिंडे असतील तर हा धोका वाढतो, आणि त्यांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी होत्या. म्हणून प्रत्येक डोसच्या आधी रुग्णाकडून कागदावर सही करून घेण्याची आमच्या विभागात पद्धत आहे. त्यांची सही देवनागरी होती, अक्षरे आधी लिहून शेवटी सगळ्यांवरून एकच लांब शिरोरेघ ते झटक्यात ओढत, आणि आदल्या सगळ्या सह्या त्याच कागदावर एकाखाली एक होत्या.

त्या रात्री अक्षरे उमटली, पण शिरोरेघ वर न जाता अक्षरांच्या पोटातून तिरपी गेली. मी पुन्हा सही करायला सांगितले, तर दुसरी रेघ पहिलीहून वाईट आली. मग त्यांना डोळे मिटून नाकाच्या शेंड्याला बोट लावायला सांगितले. उजवे बोट गालावर टेकले. बोलताना शब्द किंचित ओढले जात होते, हेही तेव्हा जाणवले. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांना बोलावले. त्यांचे म्हणणे असे की, झोप पुरी झालेली नाही, डोळ्यांत स्टेरॉइडचे थेंब घातलेले आहेत, त्यामुळे धूसर दिसत असेल, डोस चुकवला तर उपचाराचे वेळापत्रक बिघडेल. मी म्हटले की, थेंबांमुळे धूसर दिसत असेल हे मान्य, पण मिटलेल्या डोळ्यांनी बोट गालावर का जाते, ते सांगा. त्यावर मला उत्तर मिळाले ते असे: ‘सिस्टर, तुम्ही निदान करू नका, सूचना पाळा.’

मी डोसची बॅग जोडली नाही. वेळ, दोन्ही सह्या, बोटाची चाचणी आणि डॉक्टरांशी झालेले बोलणे नोंदवहीत लिहिले आणि वरिष्ठ तज्ज्ञांना घरी फोन केला. त्यांनी येऊन तपासले, औषध तिथेच थांबवले आणि उरलेले डोसही रद्द केले. शिक्षकांचा तोल पुढे काही दिवस जात होता, नंतर चाल सावरली. काही रुग्णांमध्ये ही इजा कायमची राहते. सकाळी मात्र वरिष्ठांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला: डॉक्टरांनी लिहिलेला डोस परिचारिकेने परस्पर का रोखला, आणि असा पायंडा पडला तर पुढे काय?

पायंडा पडावा, हेच माझे उत्तर तेव्हाही होते आणि आजही आहे. मी निदान केलेच नव्हते. हे औषध लहान मेंदूवर जाते, तिथे इजा झाली की हात कसा वागतो आणि ते दिसल्यावर पुढचा डोस जोडायचा नाही, एवढे मला शिकवलेले होते, आणि ते शिकवलेले नसते तर रुग्ण थकला आहे असे समजून मीही पांघरूण सारखे करून बॅग लावली असती. व्हिन्क्रिस्टिन हे शिरेतून द्यायचे केमोचे औषध चुकून पाठीच्या मणक्यातल्या द्रवात गेले तर रुग्ण सहसा वाचत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या बॅगमधून देण्याची सूचना केली. हेच औषध शिरेबाहेर झिरपले तर तिथे शेक द्यायचा असतो, तर डॉनोरुबिसिन हे केमोचे दुसरे औषध झिरपले तर थंड पट्टी लावायची असते. नेमक्या उलट्या असलेल्या या दोन गोष्टी सर्वसाधारण वॉर्डात कोण शिकवणार, आणि त्या क्षणी खाटेजवळ डॉक्टर असतीलच, असे कोणी सांगावे?

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, ते निवासी डॉक्टर दुसऱ्या विभागातून रात्रीपुरते आलेले होते आणि त्यांची वेळापत्रकाची काळजी चुकीची नव्हती. ल्युकेमियात विनाकारण झालेला उशीर रुग्णाला महागात पडतो. त्यामुळे नुसत्या मनाच्या शंकेवर डोस रोखू नये, दाखवता येईल अशी खूण हवी, नोंद हवी आणि लगेच फोन हवा. सर्वसाधारण वॉर्डातला अनुभवही वाया जात नाही, उलट तो नसेल तर आमच्याकडे फार जड जाते. प्रशिक्षण किती महिन्यांचे आणि प्रमाणपत्र कोणते, हे आपण जिथे अर्ज करणार आहात तिथेच विचारा. पण मुलाखतीत आणखी दोन प्रश्न अवश्य विचारा. डोस थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला लेखी दिलेला आहे का, आणि रात्री दोन वाजता थेट कोणाला फोन करायचा? दुसऱ्या प्रश्नाला ‘निवासी डॉक्टरांना’ एवढेच उत्तर आले आणि त्यांच्या वर कोण ते कोणी सांगितले नाही, तर मी तिथे रुजू होणार नाही.

सहीच्या चाचणीबद्दल एक राहिले. कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवायची बारीक नळी, लिहित्या हाताला लावू नका, नाहीतर सही कशामुळे बिघडली तेच कळत नाही. रुग्णाला लिहिता येत नसेल तर पहिल्या डोसच्या आधी त्याच्याकडून एक सरळ रेघ आणि एक वर्तुळ काढून घ्या, आणि तो कागद हँडओव्हरच्या वेळी तोंडी माहितीवर न भागवता पुढच्या पाळीच्या हातात द्या.