बाख-गुनोचं ‘आवे मारिया’: पहिल्यांदा गाणार असाल तर

आधी स्वरलिपीची प्रत पाहा. जर्मन संगीतकार बाखचा मूळ प्रेल्यूड (सुरुवातीला वाजवायची छोटी रचना; सी मेजर, १७२२) ३५ बारांचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) आहे. फ्रेंच संगीतकार गुनोने १८५३ मध्ये त्यावर सुरावट बसवली, पण बाविसाव्या बारनंतर एक जादा बार असलेली आवृत्ती वापरून. साथीदार पियानोवर बाखचंच पुस्तक उघडून बसला, तर ‘सान्क्ता मारिया’ या शब्दांच्या आसपास तो एक बार पुढे निघून जातो आणि दोष गाणाऱ्यावर येतो. शिवाय पहिले चार बार नुसती साथ वाजते, मग प्रेल्यूड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि तिथे तुम्ही शिरायचं. हे आधी ठरवून घ्या.

पट्टी निवडताना सुरुवात ऐकून भुलू नका. जी मेजरमध्ये शेवटाकडे वरचा बी हा स्वर लागतो, एफ मेजरमध्ये वरचा ए. तो स्वर थकल्यावरही लागेल अशीच पट्टी घ्या.

लय फार संथ ठेवली की पहिल्याच ‘आ’ला श्वास संपतो. मिनिटाला साधारण ६० ते ६६ ठोके ठेवा. श्वास शब्द संपल्यावर घ्या. ‘मारि-’ आणि ‘-आ’ यांच्यामध्ये कधीच नाही. सुरुवात हळू आवाजात करा. ‘ग्रात्सिआ प्लेना’लाच पूर्ण आवाज लावला, तर ‘ओरा प्रो नोबिस’नंतर चढायला जागाच उरत नाही, आणि खरी चढण तिथेच आहे.

लॅटिन उच्चार चर्चमधले ठेवा: ‘येसुस’, ‘नोस्त्रे’. ‘इन होरा’तला ‘ह’ म्हणायचा नाही.

साथीदाराला एकच सांगा, पेडल (स्वर लांबवणारी पियानोची पायातली कळ) प्रत्येक बारला बदल.