शेक्सपिअरची नाटकं करणाऱ्या फिरत्या नाटक कंपनीत जातोयस तर
'हॅम्लेटच मिळायला हवा' हे आधी डोक्यातून काढ. अशा कंपनीत माणसं मोजकी. एकेकाला तीन-चार भूमिका, वर सामान उचलणंही आलंच. लंडनच्या ग्लोब थिएटरने २०१४ ते २०१६ 'हॅम्लेट' जगभर फिरवलं, तेव्हा नट-नट्या मिळून १२ जण, आणि भूमिका आलटून-पालटून. म्हणून समोरच्याची वाक्यंही पाठ कर. कोणी आजारी पडलं की तीच तुझी बढती. इंग्रज नट जेफ्री केंडल यांच्या 'शेक्सपिअराना' या फिरत्या कंपनीबरोबर फिरलेल्या उत्पल दत्तांनी पुढे बंगाली रंगभूमी गाजवली, ती शिदोरी इथलीच. पैसा? बेताचाच. दोन दौऱ्यांमधले रिकामे महिने कसे काढणार, ते करारावर सही करण्याआधी ठरव. आणि आवाज जप बाबा, शाळांच्या हॉलमध्ये माइक असेलच असं नाही.