‘पान’चं ‘कन’ का होतं?

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे. मुळाक्षरं येतात, बाराखडी पाठ आहे. पण “‘पान’मधला प काढ, तिथे क घाल” म्हटलं की ती ‘कन’ म्हणते, कधी ‘कपान’. सराव कसा घ्यावा?

उत्तर : ‘कन’मध्ये तिची चूक फारशी नाही. तुम्ही ‘क’ म्हणता त्यात अ मिसळलेला असतो; तिने तो इमानाने जागेवर बसवला. शिवाय लिहिताना काना ‘प’ला चिकटतो, त्यामुळे ‘पा’ हा तिच्या लेखी एकच तुकडा. बाराखडी पाठ असली तरी प्, आ, न् असे तीन ध्वनी सुटे ऐकू येतातच असं नाही.

म्हणून आठ-दहा दिवस पाटी बाजूला ठेवा. तीन बटणं डावीकडून उजवीकडे मांडा. ‘पान’ सावकाश म्हणत एकेका ध्वनीला एकेका बटणावर बोट ठेवायचं. मग पहिलं बटण उचलून तिथे दुसऱ्या रंगाचं ठेवा. जुनं उचललेलं डोळ्यांना दिसलं की ‘कपान’ बहुधा थांबतं. सुरुवात म्, र् अशा लांबवता येणाऱ्या ध्वनींनी करा (मान, रान). क्, त् ताणता येत नाहीत, ते तोडूनच म्हणावे लागतात.

आधी पहिला ध्वनी बदला, मग शेवटचा. मधला स्वर सर्वांत अवघड, तो शेवटी. तिन्ही जमले की अशी साखळी घ्या : पान, कान, काळ, केळ, खेळ, वेळ, वेल, तेल. दर वेळी एकच बदल. ‘केळ-खेळ’ला अडली तर तळहात तोंडासमोर धरायला सांगा, ‘ख’ला हवेचा झोत जास्त लागतो. ‘वेळ-वेल’ला ती अडखळली, तर आधी दोन्ही शब्द तुम्ही म्हणा आणि “सारखे की वेगळे?” एवढंच विचारा.

‘चार-चोर’ ही जोडी मात्र टाळा. स्वर बदलतोच, पण च सुद्धा बदलतो : ‘चार’मधला तालव्य (जीभ टाळूला लागते), ‘चोर’मधला दंत्य (जीभ दातांमागे लागते). ज-झचंही तेच.

अक्षरकार्डं त्यानंतर. त्यात ऱ्हस्व वेलांटी सुरुवातीला नको. ती लिहायची आधी आणि म्हणायची नंतर, मूल गोंधळतं. ‘फूल’चं ‘फुले’ही साखळीत नको, उकार ऱ्हस्व होतो.

रोज पाच-सात मिनिटं पुरतात. मध्येच ‘टान’सारखा निरर्थक शब्द द्या. तोही नीट म्हणाली, तर ती पाठांतरावर चाललेली नाही.