जपानमध्ये राहून संधिवाताची औषधं वर्षानुवर्षं घेतली तर ती कितपत सुरक्षित असतात?

तुम्ही टोक्योत आहात, ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी दोन वर्षं मेथोट्रेक्सेट चालू आहे, आता डॉक्टर टोफासिटिनिब ही संधिवाताची दुसरी गोळी सुरू करू म्हणतायत आणि तुम्हाला पुढच्या वीस वर्षांची धास्ती वाटतेय. मी डॉक्टर नाही. पुण्यात औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासायचं काम करते, त्यात जपानहून येणाऱ्या नोंदी पुष्कळ. माझ्या आईलाही हाच आजार आहे, त्यामुळे त्या नोंदी मी नुसत्या कामापुरत्या कधीच वाचल्या नाहीत.

या औषधांबाबत जपान फार जपून पावलं टाकतो. मेथोट्रेक्सेटची तिथली मर्यादा आठवड्याला ८ मिलिग्रॅम होती, ती १६ झाली थेट २०११ मध्ये. या सावधपणामागे मुख्य कारण फुफ्फुसं. २००३ मध्ये लेफ्लुनोमाइड हे संधिवाताचंच औषध तिथे आलं आणि फुफ्फुसांना सूज येऊन काही रुग्ण दगावले. पाश्चात्त्य देशांत हा त्रास एवढा दिसला नव्हता. त्याच वर्षी इन्फ्लिक्सिमॅब आलं (टीएनएफ या सूज वाढवणाऱ्या प्रथिनाला रोखणारं औषध), तेव्हा औषध घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायची अट घातली गेली. पहिल्या ५,००० जणांत जिवाणूंमुळे होणारा न्युमोनिया १०८ जणांना, न्यूमोसिस्टिस नावाचा बुरशीचा न्युमोनिया २२ जणांना आणि टीबी १४ जणांना झाला. म्हणजे बहुसंख्यांना यातलं काही झालं नाही, पण कशावर डोळा ठेवायचा ते कळलं. ओसाकात जन्मलेल्या टोसिलिझुमॅब या संधिवाताच्या आणखी एका औषधाच्या अभ्यासात १४३ पैकी ९४ जणांनी पाच वर्षं पूर्ण केली. मात्र त्या औषधाने ताप आणि सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला घटक, दबतो, त्यामुळे आत न्युमोनिया असूनही माणूस बरा दिसू शकतो.

आता तुमच्या टोफासिटिनिबबद्दल. जपान आणि कोरियातल्या रुग्णांना त्यावर नागीण होण्याचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या साधारण दुप्पट दिसलं. म्हणून औषध सुरू होण्याआधीच नागिणीवरच्या शिंग्रिक्स लशीचं विचारा, तिचे दोन डोस असतात. वय पन्नाशीपुढे असेल, सिगारेटची सवय असेल किंवा हृदयाचं दुखणं असेल तर तेही नक्की सांगा. २०२२ मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांत या औषधावर हृदयाचे त्रास आणि कर्करोग, टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनांपेक्षा जास्त आढळले.

एक गोष्ट जपानी आकड्यांत सापडणार नाही. तुम्ही भारतात वाढलात. शरीरात टीबीचे जंतू निजलेले असू शकतात. रक्ताची तपासणी डॉक्टर करतीलच, तरी घरात कुणाला टीबी झाला होता का, हे आईला फोन करून विचारा आणि डॉक्टरांना आपणहून सांगा.

मेथोट्रेक्सेटवर असताना मानेत किंवा काखेत गाठ लागली तर अंगावर काढू नका. या औषधावर कधीकधी अशा गाठी येतात, हे जपानी डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे, त्यांनी गोळी थांबवल्यावर बऱ्याच जणांच्या गाठी आपोआप विरतात.

आणि हे तीन शब्द कागदावर लिहून फोनजवळ ठेवा: कोरडा खोकला म्हणजे ‘काराझेकी’, धाप लागणं म्हणजे ‘इकिगिरे’, नागीण म्हणजे ‘ताइजोहोशिन’. यातलं काही सुरू झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा.